कारखान्यांचं शहर बदलताना: कॅमेरा आणि वही दोन्ही का लागतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमचं शहर कारखान्यांवर उभं राहिलं, आता एकेक कारखाना बंद पडून त्या जागी मनोरे आणि कचेऱ्या येताहेत, आणि उरलेल्या इमारती जाण्याआधी चित्रांतून आणि फोटोंतून टिपून ठेवायच्या आहेत. कॅमेरा घेऊ की वही, सुरुवात कुठून करू, हे नुसतं हळहळण्यापुरतं राहू नये म्हणून काय करू आणि शेवटी हे सगळं ठेवू कुठे, असं तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं मी हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅमेरा आणि वही दोन्ही घ्या, आणि दोन्ही एकाच इमारतीवर चालवा. फोटोत तुम्हाला न समजलेली गोष्टही येते. भिंतीत रोवलेला लोखंडी ब्रॅकेट कशासाठी होता हे तुम्हाला माहीत नसलं तरी तो फोटोत उमटतो, आणि पुढे कधीतरी जाणकार माणूस तो फोटो बघून सांगू शकतो. चित्रात ही सोय नाही. जे कळलं नाही ते हाताला काढता येत नाही. पेन्सिल तिथे अडते, मग उठून जवळ जाऊन बघावंच लागतं. कॅमेरा पुढच्या पिढीच्या जाणकारांसाठी काम करतो, तर वही आधी तुम्हाला जाणकार करते. एकावरच भिस्त ठेवली तर एकतर न समजलेल्या फोटोंचा ढीग जमतो, नाहीतर समजलेल्या पण मोजक्याच गोष्टींची वही.

उदाहरणादाखल विणकामाची जुनी शेड घ्या. एकमजली, पसरलेली, वर दातेरी छप्पर. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली, म्हणजे दिवसभर सारखा उजेड मिळतो आणि ऊन थेट साच्यांवर, म्हणजे विणायच्या मागांवर, पडत नाही. (दक्षिण गोलार्धात हीच काच दक्षिणेकडे असते.) आता हे छप्पर काढायला बसा. दोन दात्यांच्या मध्ये एक पन्हळ येते. अशा वीस पन्हळी काढल्या की आपोआप प्रश्न पडतो: पावसाचं एवढं पाणी जातं कुठे? बाहेरच्या भिंतीवर तर त्या मानाने पाइप दिसत नाहीत. आत जाऊन खांब पाहिले की उत्तर सापडतं. अशा पुष्कळ शेडमध्ये बिडाचे खांब आतून पोकळ असतात; छत तेच पेलतात आणि पन्हळीतलं पाणी जमिनीखालच्या गटारात तेच सोडतात. एखाद्या खांबाच्या बुडाशी गंजाचा ओघळ आणि भोवतालची फरशी खचलेली दिसली की आतून खांब तुंबलाय, पाणी मुरतंय, हे समजतं. त्यानंतर त्या बुडाचा जो फोटो तुम्ही घ्याल तो आधी कधीच घेतला नसता. चित्राने प्रश्न विचारायचा आणि फोटोने पुरावा ठेवायचा, असं हे चक्र दिवसभर चालतं.

या दोन माध्यमांचं नातं जर्मन फोटोग्राफर बेर्न्ट बेकर यांच्या कामात नीट दिसतं. जर्मनीतल्या झीगेन भागात, खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्यांच्या परिसरात ते वाढले. १९५७ च्या सुमारास तिथली एक खाण ते कागदावर उतरवत होते, पण ती पाडण्याचा वेग त्यांच्या हाताच्या वेगापेक्षा जास्त निघाला, म्हणून त्यांनी कॅमेरा हाती घेतला. १९५९ पासून, पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या हिला बेकर यांच्यासोबत त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, कूलिंग टॉवर, खाणींचे मनोरे, गॅसच्या टाक्या यांचे फोटो काढले आणि हे काम दोघांनी अनेक दशकं चालवलं. हिला बेकर फोटोग्राफी रीतसर शिकलेल्या होत्या आणि दोघांची शिस्त काटेकोर होती: मोठा प्लेट कॅमेरा, ढगाळ आकाश, सावली नाही, समोरून सरळ दृश्य, इमारत चौकटीच्या मधोमध. एका प्रकारच्या नऊ, बारा, पंधरा वास्तू शेजारी शेजारी मांडल्या की सारखेपणा आणि वेगळेपणा एकदम डोळ्यांत भरतो. १९९० साली व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना जो सर्वोच्च पुरस्कार मिळाला तो शिल्पकलेसाठीचा होता. नवीन माणसाला मी आवर्जून हीच शिस्त सांगतो, कारण ती उसनी घेता येते आणि तिने फोटो तुलनेसाठी कामी येतात. फक्त त्यात माणसं नाहीत. शहराची नोंद करायची तर तेवढं पुरत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

सुरुवात देखण्या इमारतीपासून करू नका. मुख्य फाटक, घड्याळाचा मनोरा, नक्षीदार कचेरी यांचे फोटो आधीच कुणाकडे ना कुणाकडे असतात. बॉयलर हाउस, कोळसा उतरवायची जागा, सायकल स्टँड, पाळी बदलताना हजेरी घ्यायची खिडकी, कामगारांची मुतारी, भंगार ठेवायचं अंगण, फाटकासमोरच्या टपऱ्यांची रांग यांचे मात्र नसतात. आणि आधी हेच पाडलं जातं, कारण त्यासाठी कुणी आंदोलन करत नाही. ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते आधी टिपा.

दुसरं म्हणजे घाई करा. लंडनच्या ग्रेट वेस्ट रोडवर १९२८ सालचा फायरस्टोन टायरचा कारखाना होता. त्याला संरक्षित यादीत घेण्याची तयारी चालू असतानाच, १९८० च्या ऑगस्टमधल्या जोडून आलेल्या सुट्टीत त्याचा सुंदर दर्शनी भाग पाडून टाकला गेला. त्या धक्क्याने ब्रिटनमध्ये विसाव्या शतकातल्या इमारतींच्या संरक्षणाला जोर आला, पण तो दर्शनी भाग गेला तो गेलाच. इमारतीभोवती पत्र्याचं कुंपण पडलं, खिडक्यांच्या चौकटी निघाल्या, भंगारवाल्यांचे ट्रक लागले, की तुमच्या हातात महिने उरलेले नाहीत असं समजा.

आता कारखान्याची इमारत वाचायची कशी. देऊळ किंवा वाडा बघताना आपण आधी शैली बघतो. इथे आधी काम बघायचं, म्हणजे शक्ती कुठून यायची, माल कुठून आत यायचा, कुठून बाहेर जायचा, आणि उजेड कुठून. जुन्या सूतगिरण्या चार-पाच मजली आणि अरुंद का असतात? वाफेचं एकच इंजिन सगळ्या यंत्रांना फिरवायचं. इंजिनापासून उभ्या शाफ्टने, म्हणजे फिरत्या दांड्याने, नंतरच्या काळात जाड दोरांनी, गती प्रत्येक मजल्यावर जायची आणि तिथून छताखालच्या आडव्या शाफ्टवरून चामडी पट्ट्यांनी एकेका यंत्राला मिळायची. यंत्रं इंजिनापासून जितकी लांब तितकी शक्ती वाया, म्हणून एकावर एक मजले. आणि उजेड दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतूनच यायचा, म्हणून रुंदी बेताची. साचे मात्र जमिनीवरच, कारण त्यांचे हादरे वरच्या मजल्याला सोसायचे नाहीत आणि विणकराला वरून उजेड हवा. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची विजेची मोटर आली आणि इमारतीवरचं हे बंधनच सुटलं. विसाव्या शतकातले कारखाने आडवे पसरले ते त्यामुळेही.

हे माहीत असलं की रिकाम्या मजल्यावरही खुणा दिसू लागतात. खांबाच्या वरच्या अंगाला घासून सपाट केलेली जागा आणि चार बोल्टची भोकं म्हणजे तिथे शाफ्टचा ब्रॅकेट होता. फरशीवर ओळीने तेलाचे काळे डाग म्हणजे यंत्रांची रांग. दोन डागांतलं अंतर मोजा, यंत्राचा आकार कळतो. जिन्याच्या मनोऱ्यावर पाण्याची टाकी दिसली तर ती बहुधा आग विझवण्याच्या फवाऱ्यांची, कारण कापसाच्या धुळीला आग लागायला वेळ लागत नाही. आणि वीटकामात जिथे थर एकमेकांत गुंफलेले नसून एक सरळ उभी सांध वरपासून खालपर्यंत गेलेली दिसते, तिथे इमारत नंतर वाढवली किंवा जुनं दार बुजवलं. असा सांधा दिसला की वहीत जाड रेघ ओढा. इमारतीचा इतिहास बऱ्याचदा कागदपत्रांपेक्षा त्या सांध्यांतून जास्त खरा कळतो.

मापं घ्यायला महागडं यंत्र नसलं तरी चालतं. जुन्या विटेचं माप जागोजागी वेगळं असतं, म्हणून ठरावीक आकडा धरू नका. हाताच्या उंचीवर दहा थरांची उंची टेपने मोजा. समजा ती ७८ सेंटिमीटर भरली आणि भिंतीत एकूण १५० थर आहेत. उंची झाली ११.७ मीटर. थर जागेवर मोजता आले नाहीत तर समोरून घेतलेल्या स्वच्छ फोटोवर घरी बसून मोजा. लेझरचं मापयंत्र असेल तर उत्तमच, पण थर मोजण्याने डोळा भिंतीवर जितका वेळ राहतो तेवढा लेझरने राहत नाही. कच्च्या चित्रावर मापं जागेवरच लिहा. घरी जाऊन आठवून लिहिलेल्या मापाला किंमत नाही.

फोटोंबद्दल. आधी लांबून, आजूबाजूच्या रस्त्यांसकट. मग प्रत्येक बाजू समोरून सरळ. मग समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून, म्हणजे दोन फोटोंत चारही बाजू येतात. मग आत, आणि सगळ्यात शेवटी तपशील. तपशिलाच्या फोटोत मापाची पट्टी ठेवा आणि तोच फोटो पट्टीशिवायही घ्या. कॅमेऱ्याचं तोंड वर केलं की उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात आणि मग फोटोवरून माप काढणं अवघड होतं. ट्रायपॉडवर कॅमेरा समपातळीत ठेवा. शिफ्ट लेन्स (कॅमेरा न झुकवता दृश्य वर सरकवणारी) नसेल तर मागे जा, किंवा समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून घ्या, आणि खालचा नको असलेला भाग नंतर कापा. संगणकावर रेषा सरळ करता येतात, पण त्यात प्रतिमा ताणली जाते, म्हणून मूळ फाइल जपून ठेवायचीच.

उजेडाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. आकार टिपायचा तर ढगाळ दिवस उत्तम, हे बेकर दांपत्याने सिद्धच केलंय. पण भिंतीवरच्या खुणांसाठी तिरकं ऊन लागतं. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन भिंतीला जवळजवळ घासून जातं तेव्हा बुजवलेली खिडकी, विटांमधले भरलेले सांधे, काढून टाकलेल्या फलकाचे खिळे हे सगळं वर उठून येतं. आणि पाऊस पडून गेल्यावर एक फेरी माराच. विटांवर रंगवलेल्या जुन्या जाहिराती, कंपन्यांची नावं कोरड्या भिंतीवर दिसेनाशी झालेली असतात. भिंत ओली असताना त्यातली अक्षरं पुन्हा वाचता येतात.

हल्ली एकमेकांवर साठ ते ऐंशी टक्के चढणारे फोटो सगळीकडून काढून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती बनवता येते. जमत असेल तर जरूर करा. मात्र सॉफ्टवेअर बदलतं, म्हणून तयार प्रतिकृतीपेक्षा मूळ फोटो जास्त जपा.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुन्हा त्याच जागी उभं राहणं. तुमच्या प्रश्नात ‘बदलणारं शहर’ असा शब्द आहे. बदल एका फोटोत दिसत नाही. चिलीत जन्मलेल्या कामिलो होसे व्हर्गारा यांनी अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांत १९७० च्या दशकापासून त्याच कोपऱ्यांवर पुन्हा पुन्हा जाऊन फोटो काढले, आणि एकाच दुकानाचं चर्च होणं, चर्चचं गोदाम होणं, गोदामाचा मोकळा प्लॉट होणं ओळीने दाखवलं. तशी एखादी मालिका कितीही सुंदर एकट्या फोटोपेक्षा जास्त सांगते.

तुमच्या शहराचे जुने फोटो मिळाले तर त्यांच्यापासूनच सुरुवात करा. मूळ कॅमेरा कुठे होता ते शोधायची एक खात्रीची रीत आहे. जुन्या फोटोत जवळची एक कड आणि लांबची एक कड एकमेकींना लागलेल्या शोधा; समजा गोदामाच्या कोपऱ्याने मागच्या धुराड्याची डावी कड नेमकी झाकली आहे. जागेवर जाऊन तसंच दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. तसं दिसलं की तुम्ही एका रेषेवर आहात आणि मूळ कॅमेरा त्याच रेषेवर कुठेतरी होता. आता चौकटीच्या दुसऱ्या बाजूला अशीच दुसरी जोडी घ्या. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळतात ती तुमची जागा. उंचीसाठी हीच युक्ती उभ्या दिशेने वापरा: कुंपणाची वरची कड मागच्या खिडकीच्या कितव्या गजाला लागते ते बघा आणि ट्रायपॉड वरखाली करा. जुनीच लेन्स हवी असा हट्ट नको. वस्तू एकमेकींच्या तुलनेत कशा दिसतात हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं, लेन्सने फक्त चौकटीत किती भाग येतो ते ठरतं. सावल्याही जुळवायच्या असतील तर तारीख जुळवा, आणि ती हुकली तर वर्षात तिची जोडीदार तारीख असते: २१ एप्रिलला सूर्य आकाशात ज्या वाटेने जातो, जवळपास त्याच वाटेने २२ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा जातो.

तुमच्या स्वतःच्या फोटोंसाठी ही शोधाशोध पुढच्या माणसाला करावी लागू नये. फोनवरचं ठिकाण उंच इमारतींच्या गर्दीत बरेच मीटर चुकू शकतं. त्यापेक्षा वहीत छोटा नकाशा काढा, न हलणाऱ्या दोन कोपऱ्यांपासून ट्रायपॉडपर्यंतची अंतरं टेपने मोजून लिहा, लेन्सची उंची आणि दिशा लिहा. कोपरे निवडताना पाडल्या जाणाऱ्या इमारतीचे निवडू नका. रस्त्यापलीकडचं पोस्ट, पुलाचा कठडा, असं काहीतरी टिकणारं घ्या.

पाडकाम सुरू झालं की बरेच जण काम थांबवतात, आणि तिथे मोठं नुकसान होतं. इमारत उभी असताना कधीच न दिसणारी गोष्ट पाडताना दिसते: तिचा उभा छेद. अर्धी भिंत पडली की मजल्यावर मजला कसा बसवलाय, तुळया कशात रोवल्यात, दोन विटांच्या थरांमध्ये काय भरलंय, कोणत्या खोलीला कितव्यांदा कोणता रंग दिला, हे सगळं उघडं पडतं, काही वेळा फक्त एका दिवसापुरतं. वहीचा सगळ्यात मोठा उपयोग इथे. पाडणाऱ्या ठेकेदाराशी बोला. कोणत्या दिवशी कोणता भाग निघणार हे त्याला पक्कं माहीत असतं, आणि कामात रस घेणारा माणूस भेटला की बरेच जण मोकळेपणाने सांगतात. नंतरचा रिकामा प्लॉट, खोदलेला पाया, नव्या इमारतीचा सांगाडा, तिच्यात राहायला आलेली पहिली माणसं हेही त्याच मालिकेत येऊ द्या. नवी इमारत तुमच्या कामाची शत्रू नाही. शंभर वर्षांनी तीही कुणीतरी टिपणार आहे.

फोटो कुणाच्या सांगण्यावरून काढले जाताहेत हेही लक्षात ठेवायला हवं. ग्लासगोत १८६६ च्या कायद्याने दाट वस्ती पाडायचं ठरलं, आणि ज्यांनी ती पाडायची होती त्याच नगर सुधारणा मंडळाने टॉमस अ‍ॅनन यांना १८६८ ते १८७१ च्या दरम्यान तिथल्या बोळांचे फोटो काढायला लावले. पॅरिसमध्ये शार्ल मार्व्हिल यांनी पाडायच्या शेकडो रस्त्यांचे फोटो काढले तेही शहराच्याच कामावर असताना. आज ते फोटो अनमोल आहेत. पण अंधारे, ओले बोळ दाखवणारा फोटो ‘हे पाडलंच पाहिजे’ असंही सांगत असतो. तुम्ही बिल्डरच्या पैशाने काम करत असाल तर तसं नोंदीत लिहा. बचाव समितीसाठी करत असाल तर तेही लिहा. बघणाऱ्याला ते कळणं हा त्याचा हक्क आहे.

आता माणसं. अडोल्फ मेंझेल हा जर्मन चित्रकार १८७२ मध्ये केनिग्सह्युटे इथे, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या होझूफमध्ये, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये जाऊन बसला आणि तिथे त्याने ढीगभर रेखाटनं केली. त्यातून १८७५ पर्यंत जे मोठं चित्र झालं त्यात मधोमध तापलेल्या लोखंडाशी झुंजणारी माणसं आहेत. पण मला ते त्याच्या कडांसाठी जास्त मोलाचं वाटतं. एका बाजूला पाळी संपलेले कामगार अंग धुताहेत, दुसऱ्या कोपऱ्यात काही जण आडोशाला बसून जेवताहेत. त्या कारखान्यात जेवायला वेगळी जागा नव्हती, हातपाय धुवायला आडोसा नव्हता, हे कुठल्या आराखड्यात लिहिलेलं नसतं. ते चित्रात आलं, कारण चित्रकार तिथे बसून राहिला.

बंद कारखान्यात माणसं नसतात, पण तिथे काम केलेली माणसं शहरात असतात. त्यांना मुलाखतीसाठी बोलावून ‘आठवणी सांगा’ असं म्हटलं की बहुतेकांना काय सांगावं ते सुचत नाही. त्यापेक्षा तुमचा कच्चा आराखडा त्यांच्यापुढे ठेवा आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्या. एका निवृत्त फिटरने असाच माझा आराखडा बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता एका भरीव भिंतीत दार काढलं. जखमी झालेल्या माणसाला मुख्य फाटकातून न नेता इथून दवाखान्यात नेत, म्हणाले. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर गिलाव्याखाली दोन्ही बाजूंच्या उभ्या सांधी हाताला लागल्या. दार केव्हा बुजवलं ते भिंत सांगेल, पण ते कशासाठी होतं ते फक्त त्यांनाच माहीत होतं. अशी प्रत्येक खूण आराखड्यावर वेगळ्या रंगाने ठेवा: मी पाहिलेलं एका रंगात, कुणी सांगितलेलं दुसऱ्या.

कलेबद्दल तुमच्या मनात एक शंका दिसते, की नोंद करताना चित्रकाराला स्वातंत्र्य कितपत. माझ्या मते पूर्ण, फक्त ते लपवू नका. एल. एस. लौरी इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या परिसरात घरभाडं गोळा करण्याची नोकरी करत आणि रात्री चित्रं काढत. काळा, शेंदरी, प्रशियन निळा, पिवळी गेरू आणि पांढरा, एवढे पाचच रंग. त्यांची कितीतरी दृश्यं प्रत्यक्षात कुठेच नाहीत. इथली गिरणी, तिथलं चर्च, तिसरीकडचा पूल असं जोडून केलेली आहेत. त्यावरून कुणी रस्त्याचा नकाशा काढू नये. पण पाळी सुटल्यावर रस्ता कसा भरतो, माणसं वाऱ्यात कशी वाकून चालतात, धुराने आकाशाचा रंग कसा होतो, हे त्यांच्याइतकं खरं फोटोतही क्वचित सापडतं. अमेरिकेत चार्ल्स शीलर यांनी १९२७ मध्ये फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्याचे फोटो काढले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्याच आधारे चित्रं केली. चित्रांत सगळं लखलखीत, नीटनेटकं आणि जवळजवळ निर्मनुष्य झालेलं आहे. एवढ्या माणसांनी गजबजलेल्या कारखान्याचं असं चित्र व्हावं, यातून त्या काळाला यंत्राबद्दल काय वाटत होतं ते कळतं. म्हणून चित्राच्या पाठीमागे एक ओळ लिहायची सवय लावा: जागेवर काढलं, की फोटोवरून, की दोन-तीन जागा जोडून.

पडक्या कारखान्यांच्या सुंदर फोटोंचा जो पूर आलाय त्यापासून मात्र दूर राहा असं मी कळकळीने सांगेन. सोललेला रंग, फुटक्या काचांतून येणारे किरण, खुर्चीवरची धूळ. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या अशा फोटोंवर तिथल्या लोकांनी घेतलेला आक्षेप मला पटतो: लाखो माणसं राहत असलेलं शहर त्या फोटोंत मेलेलं दिसतं. कारखाना का बंद पडला, जमीन कुणाकडे गेली, कामगारांची देणी मिळाली का, यातलं काहीच त्या किरणांत येत नाही. एखादी खुर्ची तुम्ही उचलून उजेडात ठेवलीत तर तो फोटो नोंद म्हणून गेला. आत गेल्यावर कशालाही हात लावायचा नाही.

तसा हात न लावण्याला दुसरंही कारण आहे. जुन्या पन्हळी सिमेंटच्या पत्र्यांत आणि पाइपांवरच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडू नका, झाडू नका, आणि कापडी रुमालाने ती धूळ अडत नाही, योग्य दर्जाचा मास्क लागतो. कबुतरांच्या विष्ठेची धूळही फुप्फुसांना घातक. लाकडी मजल्यावर तुळईच्या रेषेवरूनच चाला. एकट्याने जाऊ नका आणि मालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय आत जाऊ नका. परवानगी नाकारली तर रस्त्यावरून, शेजारच्या गच्चीवरून भरपूर काम होतं.

आता शेवटचा प्रश्न, हे सगळं ठेवायचं कसं आणि कुठे. बेरेनिस अ‍ॅबट यांनी १९३५ ते १९३९ मध्ये सरकारी कला योजनेतून बदलत्या न्यूयॉर्कचे तीनशेहून अधिक फोटो काढले, तेव्हा त्यांच्या हाताखाली इमारतींची माहिती गोळा करणारी माणसंही होती. आज ते फोटो संशोधकांच्या कामी येतात त्यात त्या माहितीचा मोठा वाटा आहे. तुमच्याकडे अशी माणसं नसतील, तर प्रत्येक फोटोमागे किमान एवढं लिहा: ठिकाण, तारीख आणि वेळ, कोणत्या दिशेला बघून घेतला, दिसतं ते काय, ते तिथे कशासाठी होतं आणि ही माहिती कुणाकडून मिळाली. हे फाइलच्या आतल्या माहितीत भरा आणि वेगळ्या कागदावरही छापून ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. चित्रांसाठी आम्लविरहित कागद आणि साधी शिसपेन्सिल. स्केचपेन आणि बॉलपेनची शाई उजेडात उडते.

कामाचा साचा हवा असेल तर अमेरिकेतल्या सरकारी नोंदीचा बघा. मंदीत बेकार झालेल्या वास्तुविशारदांना काम मिळावं म्हणून १९३३ मध्ये ऐतिहासिक इमारतींची नोंद सुरू झाली आणि १९६९ मध्ये कारखाने, पूल, यंत्रं यांच्यासाठी वेगळी शाखा निघाली. प्रत्येक वास्तूची मोजून काढलेली चित्रं, मोठ्या कॅमेऱ्याचे फोटो आणि लेखी इतिहास असे तीन भाग, आणि ते पाचशे वर्षं टिकावेत असा निकष. सगळं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि घरबसल्या बघता येतं. एखाद्या गिरणीची नोंद उघडून या तिन्ही भागांची सांगड कशी घातली आहे ते नीट अभ्यासा.

जमा करताना एकाच संस्थेवर विसंबू नका. एक संच शहराच्या ग्रंथालयाला किंवा अभिलेखागाराला द्या, एक जवळच्या वास्तुकला महाविद्यालयाला, आणि एक कामगारांच्या संघटनेला किंवा त्या वस्तीतल्या वाचनालयाला. देताना लेखी कागद करा: कोण वापरू शकतं, नाव कसं द्यायचं, आणि मुलाखत दिलेल्यांनी कोणत्या अटी घातल्यात. ज्यांनी आराखड्यात दारं काढून दिली त्यांना त्या पानाची छापील प्रत त्यांच्या नावासकट घरी नेऊन द्या. ती पाहून शेजारचा माणूस पुढच्या वेळी स्वतःहून कपाटातला जुना फोटो काढून आणतो, आणि तुमच्या यादीत नसलेली एखादी इमारत तिथून सुरू होते.